टेकडीपलीकडची घंटा

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा. तुम्ही एका टेकडीच्या अलीकडे उभे आहात आणि तुम्हाला चेंडू पलीकडे मारायचा आहे. तिकडे कोणी आहे का, ते दिसत नाही. मग मारायचा केव्हा? ते मी सांगते. मी एक जुनी पितळी घंटा आहे.

पूर्वी मी एका शाळेत होते. एक टोला पडला की तास बदले, दोन पडले की मधली सुट्टी, आणि घणघणाट झाला की पोरे दप्तरे घेऊन धूम ठोकत. शाळा बंद पडली. मग एका माळीकाकांनी मला या सार्वजनिक गोल्फच्या मैदानावर आणून टांगले. इथे कोणीही यावे, भाड्याने काठ्या घ्याव्यात आणि खेळावे. दुसरा कोणी फटका मारत असताना बोलायचे नाही, उखडलेले गवत परत बसवायचे, आणि चेंडू भोकात घालून सगळे बाजूला झाले की माझी दोरी ओढायची. मग टेकडीमागचे लोक खेळतात. इथे माझ्या आवाजाला एकच अर्थ उरला: 'मारा'.

एके सकाळी एक मावशी आणि तिची भाची आल्या. मावशी बस चालवणारी, खेळायची पहिलीच खेप. भाचीला ती भिंगरी म्हणे. भिंगरीचा जीव खेळात नव्हताच, माझ्या दोरीत होता.

"मावशी, आता वाजवू?"

"अगं, चेंडू भोकात तर जाऊ दे. हा दहावा फटका माझा. बसमधले उतरून चालत गेले असते एव्हाना."

अखेर चेंडू गेला. दोघी बाजूला आल्या, भिंगरीने दोरी ओढली आणि मी खणखणीत वाजले. तेवढ्यात मावशीने डोळ्यांवर हात नेला. "चष्मा पडला गं. वाकले होते ना तेव्हा." ती माघारी गेली आणि गवतात चाचपू लागली.

सुटलेला आवाज मला परत घेता येत नाही. टेकडीवरून एक चेंडू आला आणि मावशीपासून हातभर अंतरावर ठप्पकन आदळला.

भिंगरीने घाबरून दोरी जोरजोरात ओढली. मला 'थांबा' म्हणायचे होते, पण तोंडून 'मारा, मारा' एवढेच निघत होते. पलीकडून कोणी हसले. "पुढच्यांना फारच घाई झालीय. चला, उरका."

दुसरा चेंडू मावशीच्या खांद्यावर बसला. ती कळवळली. "भिंगरे, वाजवू नकोस. त्यांना वाटतंय आपण गेलो."

आयुष्यभर मी वाजत आले. गप्प व्हावे असे तेव्हा पहिल्यांदा वाटले, आणि तेही माझ्या हाती नव्हते.

भिंगरीने माझा लोलक दोन्ही मुठींत धरला. मी मुकी झाले. मग तिने खुणेसाठी भोकात रोवलेला लाल झेंडा उपटला आणि झाडांच्या कडेकडेने टेकडीवर धावत सुटली. वर जाऊन तो हलवत राहिली. पलीकडचे आवाज थांबले.

मित्रांनो, माझे एकच मागणे आहे. मला वाजवण्याआधी मागे वळून बघा. मला स्वतःला वळता येत नाही.

खाली येऊन भिंगरीने चष्मा शोधला, मावशीच्या डोळ्यांवर चढवला. झेंडा जागच्या जागी रोवला. मावशीला हात धरून थेट माझ्याजवळ आणले, तिच्याकडे पाहिले, मोकळ्या गवताकडे पाहिले, पुन्हा तिच्याकडे पाहिले. आणि मगच दोरी ओढली, एकदाच.