चुड्याचा दुसरा हात

“ह्या पोरींचे हात म्हंजी नुसती लाकडं. मोबाईल धरून धरून वळायचंच इसरल्यात,” रंगूबाई नातीच्या, निकिताच्या कानाशी पुटपुटत होत्या. उद्या तिची हळद, म्हणून ओसरीवर बायका जमून चुडा भरणं चाललं होतं. मेहबूबबीनं मनगटावरून साबणाचं बोट फिरवलं, अंगठा तळव्यात दुमडला आणि हिरवी बांगडी अलगद चढवली. एक हात भरला.

मेहबूबबी शेजारच्या अंथुर्णे गावची बांगडीवाली. या वस्तीवरच्या लेकीसुनांना चुडा भरायचा मान आधी तिच्या सासूचा, मग तिचा. नवरीचे दोन्ही हात एकीनंच भरायचे, मधे उठायचं नाही, हा रिवाज ती काटेकोर पाळायची. हातून बांगडी फुटली तर ‘फुटली’ म्हणायची नाही, ‘वाढवली’ म्हणायची. दुसऱ्यांच्या सौभाग्याची तिला एवढी काळजी.

दुसरा हात पुढं आला, तोच निकिताचा भाऊ राजवर्धन एका मित्राला घेऊन ओसरीवर चढला. वस्तीवरच्या पोरांनी महिन्यापूर्वी फाट्यावर बोर्ड लावला होता, की बाहेरच्या विक्रेत्यांनी ओळखपत्र दाखवल्याशिवाय आत येऊ नये. परवाच राजस्थानचा भांडीवाला त्या बोर्डाखालून टेंपो घेऊन आला, त्याला कुणी हटकलं नव्हतं.

“गाँव कौनसा आपका? आधार दिखाओ,” राजवर्धन म्हणाला.

हाच पोरगा लहानपणी काचेच्या तुकड्यांसाठी ‘मावशी, मावशी’ करत तिच्या पेटीमागं फिरायचा. आणि मेहबूबबीची हिंदी अशी, की पोटचा सोहेलसुद्धा हसायचा.

“राजा, मराठीत इचार,” ती म्हणाली. “अंथुर्ण्याची मी. तुझ्या आईचा चुडा म्याच भरलाय.”

मित्र हसला. म्हणाला, बांगलादेशी हल्ली मराठी शिकूनच येतात.

कार्ड तिच्या पिशवीतच होतं. पण गेल्या आठवड्यात लोणी देवकरला, कारखान्यातून सुटलेल्या सोहेलला चार जणांनी असंच अडवलं होतं. त्यानं कार्ड दाखवलं, तर म्हणाले, कार्डं काय, खोटीबी निघतात. तेव्हापासून पोरगं जेवताना मान वर करत नव्हतं.

“न्हाय दावणार,” मेहबूबबी म्हणाली.

बायकांपैकी एकीनं वस्तीवरच्या चोऱ्यांचा विषय काढला. दुसरी म्हणाली, नियम म्हणजे नियम, तो सगळ्यांनाच. भांडीवाल्याची आठवण कुणालाच झाली नाही.

रंगूबाई साबणाच्या वाटीकडे बघत म्हणाल्या, “दाव की म्हेबूब. पोरांचं समाधान व्हईल. आपलं काय जातंय?”

“तुमचं न्हाय जात, आक्का. तीस वर्सं ह्या ओसरीवर बसतीया मी. तुमीच सांगा त्यास्नी, मी कुठली.”

रंगूबाई वाटीतला साबण बोटानं ढवळत राहिल्या.

मेहबूबबीनं पेटीचं झाकण लावलं आणि आयुष्यात पहिल्यांदा चुडा अर्धा टाकून ती उठली. निकितानं भरल्या हातानं तिचा पदर धरला. ओसरीवर तेवढ्या बांगड्याच वाजल्या.

“राज्या, तुला कागद नकोच हाय,” निकिता म्हणाली. “मावशी कुठली ते तुला पाळण्यापास्नं ठावं हाय. ती मुसलमान हाय, तेवढंच तुला खुपतंय. हितं बसल्याल्या समद्यास्नी हे कळतंय, अन् एक बोलंना. तोंडानं म्हण ते, न्हायतर खाली उतर. माझा दुसरा हात भरंल तर मावशीच भरंल. न्हायतर उद्या हळदीला मी असाच रिकामा घिऊन बसंन.”