मम्मी, हँडल!

शेखरने हेल्मेटचा पट्टा योगिताच्या हनुवटीखाली ओढून बसवला आणि आत बोट घालून पाहिलं.

"घट्ट होतंय का?"

"होतंय."

"असू दे. सैल राहिलं तर व्हिडिओत वाकडं दिसतं."

आनंदवल्लीच्या त्यांच्या सोसायटीच्या फाटकापाशी चार सायकली उभ्या होत्या आणि चार डोक्यांवर चार नवी कोरी लाल हेल्मेटं होती. जानेवारीतली थंडी असली की नाशिककर एकतर गोधडीत असतो नाहीतर सायकलवर. हे कुटुंब गेल्या पावसाळ्यापासून दुसऱ्या गटात गेलं होतं. चौदा वर्षांची सृष्टी मोबाईल पुसत होती. आठ वर्षांचा ज्ञानू आपल्या सायकलची घंटी उगाचच वाजवत होता. शेखरच्या सायकलच्या मागे एक जुनी गोधडी दोरीने बांधलेली होती, आणि ती कशासाठी हे सगळ्यांना माहीत होतं.

आज योगिताला पडायचं होतं.

पहिल्यांदा ती पडली होती तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. श्रावणातला रविवार होता. गिरणाऱ्याच्या रस्त्याला, धरणाचं पाणी दिसायला लागतं त्या उतारावर म्हसोबाची घुमटी आहे; शेंदूर फासलेला दगड आणि वर पत्रा, एवढंच. तिथून जाताना योगिताने हात जोडले. दोन्ही. चालत्या सायकलवर एका हाताने कपाळाला बोटं लावून पुढे जाणारे पुष्कळ असतात, पण माहेरी विंचूरला तिच्या वडिलांनी, अण्णांनी, लहानपणीच दम भरला होता, "एका हातानं नमस्कार? द्येव काय तुला रस्त्यात भेटलेला भाऊबंद हाय का?" ते हाडात इतकं मुरलेलं, की हात जोडताना आपण सायकलवर आहोत हे तिच्या लक्षातच आलं नाही. पुढचं चाक वळलं, मागून ज्ञानू ओरडला, "मम्मी, हँडल!" आणि मम्मी हात जोडलेल्या अवस्थेत, डोळे मिटून, गवतात गेली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

सृष्टी चित्रण करतच होती. तिने ते फक्त घरच्या ग्रुपवर टाकलं. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर सगळ्यांनी मिळून आठवड्याभरातले गमतीचे व्हिडिओ पाहायचे, असा त्या घरात रिवाज होता. स्कूटरच्या पायदानावर उभी राहून बाजाराला निघालेली शेळी, नवरदेवाचा फेटा पळवणारं माकड, असलं काय काय मुलं शोधून आणायची आणि योगिता सगळ्यांत आधी हसायची. पंधरवड्याने अशाच एका दुपारी शेखरच्या मोबाईलवर कुठल्या तरी अनोळखी माणसाकडून फिरत फिरत एक गंमत आली. शेळी नव्हती, माकड नव्हतं. योगिता होती. मागे ढोलकी लावलेली होती आणि "मम्मी, हँडल! मम्मी, हँडल!" याचं गाणं झालेलं होतं. मुलं गडबडा लोळली. तीही हसली. आपण त्यात आहोत हे कळायला माणसाला थोडा वेळ लागतो.

त्यानंतर ती सगळ्या गावाची मम्मी झाली. भाजीवाला मेथीची जुडी देताना म्हणायचा, "मम्मी, हँडल." बँकेतला शिपाई म्हणायचा. शेजारच्या मालनबाई म्हणाल्या, "हसतील त्यांचे दात दिसतील, तू कशाला मनाला लावून घेतेस?" पण दात फार होते, आणि रोज दिसत होते.

शेखरवर राग धरावा तर तेही जमत नव्हतं. गेली दोन वर्षं तो रात्रपाळीवरून यायचा, भिंतीकडे तोंड करून झोपायचा आणि उठल्यावर जेवणात मीठ कमी आहे एवढंच बोलायचा. त्या व्हिडिओनंतर माणूस जागा झाला. त्याने असल्या व्हिडिओंसाठी फेसबुकवर पान काढलं, त्याला 'सायकलवरचं घर' असं नाव दिलं. मुलं त्याच्या अवतीभवती नाचायला लागली. हे सुख आपल्या पडण्यावर उभं आहे, आपण उठून कपडे झटकले तर ते कोसळेल, हे तिला पक्कं कळत होतं. म्हणून ती गप्प होती.

आणि मग दिवाळीच्या आधी अण्णा गेले. दहाव्याला रामकुंडावर पिंडाला कावळा शिवेना. नातलग एकेक करून पुढे होऊन अण्णांना शब्द देत होते. योगिता पुढे झाली, तिने हात जोडले, आणि मागून कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, "मम्मी, हँडल." दोघंतिघं फिसकन हसली. मुद्दाम नसेल, हसू आवरलं नसेल. योगिताने हात खाली घेतले. अण्णांना जे सांगायचं होतं ते सांगायचं राहिलं, आणि त्या दिवसापासून तिचे हात जुळले नाहीत. घरच्या देवापुढे ती फुलं वाहायची, निरांजन ओवाळायची, आणि जोडायची वेळ आली की पदराला हात पुसत स्वयंपाकघरात निघून जायची. हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

हेल्मेटं कॉलेज रोडच्या वसीमभाईंनी दिली होती. त्यांचं सायकलचं दुकान. काकू हात जोडतात, काकू पडतात, पण डोकं शाबूत, अशी त्यांना जाहिरात हवी होती. भला माणूस. "शेखरभाऊ, आधी भाभींना विचारून घ्या," असंही म्हणाला होता.

"विचारायचं काय त्यात?" शेखर म्हणाला होता.

योगिता तिथेच, दोघांच्या मधे उभी होती.

"चला!" आता शेखर म्हणाला, आणि वरात निघाली. सर्वांत पुढे ज्ञानू, मग सृष्टी, मग योगिता आणि शेवटी गोधडी घेऊन शेखर. सोमेश्वर मागे पडलं, गंगापूर गाव मागे पडलं. फिरायला निघालेल्या दोन आजोबांनी काठी उंचावून "मम्मी, हँडल!" म्हटलं आणि ज्ञानूने मालकाच्या थाटात त्यांना हात केला, शेवटी आवाज त्याचा होता. योगिता जरा हळू झाली की मागून घंटी वाजायची. पुढे मुलं, मागे नवरा, डाव्या हाताला द्राक्षबागेचं तारेचं कुंपण. वळून घरी जावं असं मनात आलं, पण वळायलासुद्धा जागा लागते.

घुमटीपाशी शेखरने गवतात गोधडी पसरली, वर पुन्हा गवत टाकलं, स्वतः त्यावर पडून पाहिलं आणि खूश होऊन उठला.

"गादीसारखं झालंय. सृष्टी, तू इथं उभी राहा. योगिता, तू वरून ये. घुमटी आली की हात, आणि मग डावीकडं."

ती वर गेली आणि उतारावरून आली. घुमटी जवळ आली, शेंदूर दिसला, आणि बोटं हँडलवर जास्तच घट्ट वळली. सायकल गोधडी ओलांडून पुढे निघून गेली.

"काय गं?"

"पुन्हा येते."

पुन्हा आली. या वेळी एक हात जेमतेम सुटला आणि अर्ध्यातून परत आला.

"दोन्ही! दोन्ही!" शेखर ओरडला. "एक हात काय, ट्रॅफिक पोलीस आहेस का?"

मुलं हसली. योगिता सायकल हातात धरून त्याच्याजवळ आली.

"अहो, आज नको. नाही जमत मला."

"तुला नाही जमत? तुला तर न शिकवता जमलं होतं."

"देवापुढं आहे हे."

"मग देव काय रागावतोय? त्याचीही जाहिरात होतेय फुकटात."

तिने हेल्मेटचा पट्टा सैल केला. मग म्हणाली, "मला हातच जोडता येत नाहीत आता. घरी पण नाही."

शेखरने काळजीने तिच्याकडे पाहिलं. खरोखरच काळजीने.

"खांदा धरलाय का? आधी नाही का सांगायचं?"

खांदा नाही, हे सांगायला तिच्याजवळ वाक्य नव्हतं. म्हणजे वाक्यं होती, पण दोन पोरांसमोर, रस्त्यात, लाल हेल्मेट घालून ती बोलता येण्यासारखी नव्हती. तीन महिने ज्याला दिसलं नाही त्याला आता कुठून सुरुवात करून सांगायचं, याचाच तिला कंटाळा आला.

"हो," ती म्हणाली. "खांदा."

"मी करतो!" ज्ञानूने उडी मारली. "पप्पा, मी करतो! मला येतं पडायला!"

शेखरच्या चेहऱ्यावर दिवा लागला. "अरे, हे तर भारीच. आई पडली होती, आता मुलगा. याला तर जास्त बघतील. सृष्टी, तयार?"

"अहो, तो लहान आहे."

"खाली गोधडी आहे, डोक्यावर हेल्मेट आहे. मी लहानपणी झाडावरून पडायचो."

एक खोटं बोलून आपण सुटलो नाही, आपली जागा मुलाला दिली, हे तिला कळलं तेव्हा ज्ञानू उतारावर पोचलासुद्धा होता. "मी करते, बाळा, थांब," असं ती म्हणाली, पण ते फार हळू म्हणाली असावी. तो निघाला. पोराच्या सायकलला वेग यायला वेळ लागत नाही. गोधडी पसरली होती तिथून चार हात अलीकडेच त्याने हँडल सोडलं, दोन्ही हात जोडले आणि आईने मिटले होते तसे डोळे मिटले. तिथे खाली खडी होती.

योगिताने आपली सायकल टाकली आणि ती धावली. तिने त्याच्या सीटखालची दांडी पकडली आणि चार वर्षांपूर्वी सोसायटीच्या आवारात त्याला शिकवताना धावायची तशी वाकून त्याच्याबरोबर धावत सुटली. सायकल एकदा डुगडुगली, मग सरळ झाली. म्हसोबासमोरून पोरगं हात जोडून, ताठ बसून निघालं.

"योगिता, सोड त्याला!" मागून शेखर ओरडला. "पडू दे ना त्याला! पडू दे!"

ती थांबली तेव्हा घुमटी मागे राहिली होती. ज्ञानूने डोळे उघडले, पाय टेकले आणि आधी आईकडे, मग बापाकडे पाहिलं.

"पप्पा, मी पडलो नाही," तो म्हणाला. "चालेल का?"

एक ट्रॅक्टर द्राक्षांचे रिकामे क्रेट खडखडवत गेला, तो जाईपर्यंत कुणालाच बोलावं लागलं नाही. सृष्टी खाली मान घालून, सवयीने, आत्ताच काढलेलं पाहत होती. मोबाईलमधून चाकाची किरकिर आली, आईच्या चपलांचा आवाज आला, आणि मग बारीक पण स्पष्ट: सोड त्याला. पडू दे ना त्याला. पडू दे.

"पप्पा," ती म्हणाली, "यात तुमचा आवाज आलाय. काढून टाकू का?"

शेखरने हात पुढे केला. मोबाईल घेऊन त्याने ते पुन्हा लावलं. स्वतःचा आवाज माणसाला नेहमीच जरा परका वाटतो. त्याला तो फारच परका वाटला असावा, कारण त्याने तिसऱ्यांदा लावलं नाही.

"सगळंच काढून टाक," तो म्हणाला.

"आणि वसीमकाका?"

"मी बोलतो त्यांच्याशी."

तो उतार चालत खाली आला. योगिताने सायकलची दांडी अजून सोडली नव्हती. ज्ञानू उतरून बाजूला उभा होता तरीही.

"खांदा फार दुखतोय?" शेखरने विचारलं.

"खांदा नाही दुखत."

तो तिच्या हातांकडे पाहत राहिला. बोटं पांढरी पडली होती.

"कधीपासून?" त्याने विचारलं. या वेळी तो खांद्याबद्दल बोलत नव्हता.

"अण्णांच्या दहाव्यापासून."

त्याला रामकुंडावरची ती सकाळ आठवली असेल. तो तिथे होता. हसणाऱ्यांत तो होता की नाही हे तिने कधी विचारलं नव्हतं, आताही विचारलं नाही. त्याने तिच्या हातातली सायकल स्वतःकडे घेतली.

"सृष्टी, मोबाईल खिशात ठेव. ज्ञानू, इकडं ये. दोघंही तिकडं बघा, धरणाकडं."

"तिकडं काय आहे?"

"काही नाही. बघा."

तिघंही घुमटीकडे पाठ करून रस्त्याच्या कडेला उभी राहिली. पाण्यावर धुकं होतं, दिसत काहीच नव्हतं. योगिता एकटीच मागे राहिली.

"पप्पा, किती वेळ बघायचं?" ज्ञानूने विचारलं.

"मम्मी सांगेल तोवर."

योगिताने सांगायला बराच वेळ लावला.