दवाखान्याला दहापैकी

टेलर मास्तरांनी ओठांत धरलेली टाचणी काढून कापडात खोचली आणि दोन्ही पंजे पसरून दाखवले.

"दहा. दवाखान्याला दहापैकी दहा."

"पण मास्तर, आत्ताच म्हणालात ना, परवा तिथे दोन तास रांगेत उभे होतात?"

"होतो की. मग?"

"तरी दहा?"

"अहो बाई, गुण मी द्यायचे की तुम्ही?"

मशीनवर बसलेली त्यांची बायको खुदकन हसली. पाहणीला आलेल्या मुलीने टॅबवर दहा नोंदवले आणि आभार मानून ती पायरी उतरली.

नगरपालिकेच्या पाहणीत बारा प्रश्न होते. रस्ते, पाणी, कचरा, शेजार, मन कसे असते, आणि सातवा दवाखान्याचा. या गल्लीतले हे एकविसावे घर. बाकीची उत्तरे माणसांसारखी वरखाली होती. रस्त्याला कुणी तीन दिले होते, कुणी पाच. 'तुम्ही समाधानी आहात का' या प्रश्नावर एका आजोबांनी "जेवणाआधी की जेवल्यावर?" असे विचारून घेतले होते. सातव्या प्रश्नाला मात्र एकवीस घरांत एकवीस दहा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत असे आकडे आले असते, तर तिने आधी तापमापी अडकलीय का ते पाहिले असते.

ज्या भागाची सातव्या प्रश्नाची सरासरी चारच्या खाली येईल, तिथल्या दवाखान्याला दुसरी नर्स मिळणार होती. हे तिला माहीत होते, आणि ते रहिवाशांना सांगायला तिला मनाई होती. सांगितले की उत्तरे गढूळ होतात. नियम तिला मनापासून पटलेला होता. आज पहिल्यांदाच तो चपलेत शिरलेल्या खड्यासारखा टोचत होता.

यादीतले शेवटचे घर तिसऱ्या मजल्यावर होते. दार उघडेच होते. पांढऱ्या गणवेशातली एक बाई खुर्चीत बसून कोमट पाण्याच्या बादलीत पाय सोडून होती.

"ये बाळ, बस. उठता येत नाहीये, राग मानू नकोस."

सहा प्रश्न भराभर झाले.

"सातवा. दवाखान्याच्या सेवेला किती गुण द्याल?"

"दोन."

मुलीने गणवेशाकडे पाहिले. "तुम्ही तिथेच..."

"नर्स आहे. एकटी. म्हणूनच दोन. दिवसाला नव्वद माणसं येतात. मंगळवारी एकाला तेच इंजेक्शन दुसऱ्यांदा टोचत होते मी. त्यानंच हात धरला, म्हणून निभावलं. लिही, दोन."

मुलीने लिहिले. बोट जरा जास्तच वेळ काचेवर टेकून राहिले.

"बाकीच्यांनी किती दिले गं?"

"सांगता येत नाही, ताई. नियम आहे."

नर्सने तिच्या तोंडाकडे नीट पाहिले. रोज नव्वद चेहरे वाचणाऱ्या बाईला तेवढे पुरले.

"दहा दिले ना मेल्यांनी?"

मुलगी टॅबच्या कडेची धूळ पुसत राहिली.

नर्स उठली. ओल्या पावलांचे ठसे उमटवत ती गॅलरीत गेली आणि कठड्यावरून वाकली.

"मास्तर! अहो मास्तर! दवाखान्याला किती दिलेत?"

"पैकीच्या पैकी, वहिनी!" मास्तर दुकानाबाहेर येऊन म्हणाले. "आम्ही काय परके आहोत? तुमच्या नोकरीवर आच येऊ देऊ होय?"

"आमचे पण दहाच, सिस्टर!" समोरच्या खिडकीतून आवाज आला.

"वा! शाबास!" नर्सने कठड्यावर थाप मारली. "आम्हाला कागद आलाय. जिथं लोकांची तक्रार, तिथं दुसरी नर्स. इथं सगळं झकास म्हटल्यावर कोण कशाला पाठवेल? पायांचे भोपळे झालेत माझ्या. मी एकदा आडवी झाले की जखमांना टाके तुम्हीच घाला, मास्तर. उसवले तर मशीनवरच्या जाऊबाई रफू करतील!"

कुणीतरी हसले आणि लगेच गप्प झाले. समोरची खिडकी अर्धी लोटली गेली.

मुलीने शेऱ्याच्या चौकटीत लिहिले, 'साडेपाच वाजता एका रहिवाशाने हा प्रश्न इतरांशी बोलून दाखवला.' ते पुन्हा वाचले, 'मोठ्याने' हा शब्द घातला आणि ती खाली आली. सहापर्यंत कुणालाही आपले उत्तर बदलता येत होते. अट एकच, त्याने स्वतः येऊन सांगायचे. बोलवायला तिला परवानगी नव्हती. ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली, टॅब मांडीवर उघडा ठेवून.

दहा मिनिटांनी मास्तर आले. गळ्यात टेप तशीच होती.

"ते सातवं... खोडता येतं का?"

"येतं. किती करू?"

मास्तरांनी वर पाहिले. कठड्याशी नर्स उभी होती, थेट त्यांच्याकडे बघत.

"आठ करा," ते घाईने म्हणाले.

मागे आणखी तिघेचौघे येऊन थांबले होते. समोरच्या खिडकीतली बाई होती, जेवणाआधी की जेवल्यावर विचारणारे आजोबा होते. सगळ्यांनी आळीपाळीने वर पाहिले आणि मान खाली घातली. मुलीने आठ लिहिले. एवढ्याने काहीच होणार नव्हते, आणि तिला एक अक्षरही बोलता येत नव्हते.

वर बांगड्या वाजल्या. नर्सने कठडा सोडला, गल्लीकडे पाठ केली आणि ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

मास्तरांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"थांबा बाई," ते हळू आवाजात म्हणाले. "दोन करा."

मागच्या बाईने पदर सावरला आणि ती पुढे सरकली. सहा वाजेपर्यंत रांग हलत राहिली, आणि तोवर नर्स एकदाही वळली नाही.