सुटायचा टोल

मी एक जुना रुळाचा तुकडा आहे. हसू नका, मित्रांनो. निंबोळखेड्यात मला कुणी रूळ म्हणत नाही, शाळेचा टोल म्हणतात. माझ्या वरच्या टोकाला एक भोक आहे, त्यातून साखळी ओवून मला कडुलिंबाच्या फांदीला टांगलं आहे. अंगावर गंज चढला, पण आवाज अजून खणखणीत आहे. याच आवाजाने एकदा भल्याभल्यांना फसवलं, तेही मी एक अक्षर खोटं न बोलता! ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझी तरुणपणची वर्षं बदनापूर स्टेशनाजवळ गेली. गाड्या पाठीवरून धडधडत जायच्या. एके दिवशी मला तडा गेला, मग मला कापून बाजूला टाकलं. तेव्हा निजामाचं राज्य नुकतंच गेलं होतं आणि निंबोळखेड्यात मराठी शाळा निघाली होती. शाळेला घंटा नव्हती. रुळावर काम करणाऱ्या ख्वाजामियाँनी साहेबाला विचारून मला बैलगाडीत घातलं आणि शाळेपुढे आणून उतरवलं. "मास्टरसाब, ये मेरे बाद भी बजेंगा," असं ते म्हणाले आणि तसंच झालं.

मास्तरांचं नाव निजामोद्दीन. जन्मभर त्यांनी उर्दूत शिकवलेलं. आता मराठीत शिकवा असा हुकूम आला, तेव्हा हा भला माणूस सकाळी स्वतः धडा शिकायचा आणि दुपारी तोच पोरांना शिकवायचा. कधी कधी पोरंच त्यांची चूक काढायची आणि मास्तर खुशाल कान पकडायचे. पण टोलाच्या बाबतीत ते फार कडक होते. शाळा भरताना एकेक ठोका, दमादमानं, म्हणजे लांबच्या पोरालाही चालत यायला वेळ मिळावा. शाळा सुटताना मात्र घणघणघण, एका दमात. "भरायचा टोल दिला की सुटायचा द्यायलाच पाहिजे," ते हसून सांगायचे. "न्हाई तर बच्चा शाळेतच अडकून राहतो." पोरं खिदळायची. मीही ती गंमतच समजलो होतो.

त्या पोरांत गोजरबाईची मथुरा होती. गोजरबाई विधवा, लोकांच्या रानात निंदायला जाणारी. मथुरा ही गावातली शाळेत बसलेली पहिली मुलगी. पोरीला मामलेदारीण करायची का, म्हणून बायका गोजरबाईला टोमणे मारायच्या. तिनं एका कानानं ऐकलं आणि दुसऱ्यानं सोडून दिलं. मथुरेला एक खोड होती. ठोका पडला की ती धावत यायची आणि माझ्या अंगाला कान लावायची. आतली घुमणी विरेपर्यंत हलायची नाही. आत कुणीतरी बोलतंय, असं ती मास्तरांना सांगायची. इतकं प्रेम माझ्यावर दुसऱ्या कुणी केलं नाही, मित्रांनो.

मग मास्तरांची बदली झाली. दुसरे मास्तर येणार, येणार, असं वर्षभर ऐकलं. शाळेची खोली माळवदाची, म्हणजे लाकडाच्या आढ्यावर मातीचं छत. नवी इमारत मंजूर झाल्याचा निरोप आला होता. आमच्याकडे मंजूर झालं म्हणजे झालंच, असं लोक धरून चालतात. मग जुन्या माळवदावर माती कोण टाकणार? पावसाळ्यात ते बसलं. आत कुणी नव्हतं, म्हणून गावानं देवाचे आभार मानले.

मथुरेला मात्र घरी बसवेना. ती ओढ्यापलीकडच्या गावी शाळेत जायला लागली. श्रावणात एके दुपारी वरच्या अंगाला पाऊस झाला आणि लोंढा आला. तिची पिशवी बोरीच्या काट्याला अडकलेली सापडली. मथुरा फार खाली, दुसऱ्या गावच्या शिवारात सापडली.

सुतक फिटलं त्या सकाळी गोजरबाई माझ्याजवळ आली. तिनं मला वाजवायचा लोखंडी गज उचलला आणि एकेक ठोका दिला, दमादमानं. कितीक दिवस मुका असलेला मी वाजलो. मास्तर आले वाटतं, म्हणून लोक धावत आले. रामराव नावाचे गृहस्थ सगळ्यांत पुढे होते. गावातलं वाचणारं, लिहिणारं माणूस ते एकटेच. त्यांनी विचारलं, हे काय करून राहिलीस माय?

"मथुरेला आयकू जाऊ द्या," गोजरबाई म्हणाली. "शाळा हितंच हाय म्हनून कळलं, तर ती वढा वलांडायची न्हाई."

लोक खाली मान घालून निघून गेले.

तेव्हापासून ती रोज सकाळी यायची आणि भरायचा टोल द्यायची. मग रानात कामाला जायची. सुटायच्या वेळी माझ्याकडे कुणी फिरकत नसे. मी लोखंड आहे, मला भीती कसली? पण खरं सांगतो, मी भ्यायलो. ठोका विरला की पडक्या भिंतींच्या आत काहीतरी जमलंय असं वाटायचं. वारा नसताना धुळीत बारीक पावलं वाजल्यासारखी व्हायची. कुणीतरी येऊन बसलंय आणि त्याला जा म्हणणारं कुणी नाही, अशा त्या दुपारी असायच्या. गाईसुद्धा तिकडं चरायला जात नव्हत्या.

रामरावांच्या जिवाला हे लागून राहिलं. ते आमच्या भागाच्या आमदारांकडे गेले. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता; आमदारांनी थेट हैदराबादच्या विधानसभेत प्रश्न टाकला. निंबोळखेड्याची शाळा बंद आहे हे खरे काय? असल्यास, इमारतीसाठी मंजूर झालेला पैसा कुठे आहे? अशा शिक्षकाविना बंद पडलेल्या शाळा राज्यात किती आहेत? आपल्या गावाचं नाव हैदराबादेत घेतलं गेलं, म्हणून गावानं गूळ वाटला.

चौकशीला एक साहेब टांग्यातून निघाले. ओढ्याला पाणी होतं. घोडं अडून बसलं आणि टांगेवाल्यानं हात टेकले. नेमकी तीच वेळ गोजरबाईची. मी वाजलो. काठावर आमच्या गावचा बद्रीनाथ बैलांना पाणी पाजत होता. हा टोल कशाचा, म्हणून साहेबांनी त्याला विचारलं. शाळेचा, असं त्यानं सांगितलं. रोज वाजतो का? रोज वाजतो साहेब, एक दिवस खाडा न्हाई. बिचाऱ्यानं विचारलं तेवढं बराबर सांगितलं. साहेबांचं समाधान झालं आणि टांगा तिथूनच वळला.

मंत्र्यांचं उत्तर वर्तमानपत्रात आलं. रामरावांनी ते माझ्याच लिंबाखाली मोठ्यानं वाचलं. "नाही. सदर शाळा चालू असून तिचा टोल नियमित वाजतो. त्यामुळे पुढील प्रश्न उद्भवत नाहीत."

उद्भवत नाहीत! पोर ओढ्यात गेली आणि प्रश्न उद्भवत नाहीत. माझा आवाज चोरून त्यांनी तो सभागृहात साक्षीला उभा केला होता. त्या दिवशी मला वाटलं, पुन्हा तडा जावा आणि दोन तुकडे व्हावेत. गावानं सगळा राग बद्रीनाथवर काढला.

आमदारही हट्टाला पेटले. त्यांनी उलट प्रश्न विचारून मंत्र्यांकडून पुन्हा चौकशीचा शब्द घेतला आणि रामरावांना निरोप धाडला. या खेपेलाही टोल ऐकू आला, तर निंबोळखेड्याचं नाव सभागृहात पुन्हा कुणी ऐकून घेणार नाही.

रामराव गोजरबाईला माझ्यापाशी घेऊन आले.

"गोजरमाय, टोल बंद ठेवावा लागंल. तेव्हाच गावाला शाळा येईल. दुसऱ्या कुनाची मथुरा वढ्यात जायची न्हाई."

"अन् माझी? ती टोलाची वाट बघत आसंल, तर मंग?"

गोजरबाई पडक्या भिंतींकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मी तिला रोज बोलवलं. घरी जा म्हनून कधी म्हनलंच न्हाई बघा. मास्तर सांगायचे तसं झालं. अडकून राह्यली माझी लेक."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली नाही. ती आली दुपार कलल्यावर, शाळा सुटायच्या वेळी. पदर खोचून तिनं गज दोन्ही हातांनी धरला. घणघणघणघण! इतक्या जोरानं मला मास्तरांनीसुद्धा कधी वाजवलं नव्हतं. लिंबावरचे पक्षी उडाले. दम लागेपर्यंत ती वाजवत राहिली, मग गज खाली टाकला.

"जा माय," ती म्हणाली. "शाळा सुटली. घरी जा."

मी घुमत होतो. तेवढ्यात माझ्या अंगाला काहीतरी टेकलं. लहानसा, गार, ओला कान. घुमणी विरेपर्यंत तो तिथंच होता. मग धुळीत पावलं वाजली, पळणाऱ्या पोराची वाजतात तशी. गोजरबाईनं मान वळवून त्या दिशेला पाहिलं. तिलाही ती ऐकू आली होती, याबद्दल मला शंका नाही.

साहेब आले तेव्हा मी गप्प होतो. त्यांनी काठावर वाट पाहिली, कान दिला, आणि शेवटी जोडे हातात घेऊन ओढा ओलांडला. पडकं माळवद त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. या खेपेला मंत्र्यांना सभागृहात "होय, हे खरे आहे" असं म्हणावं लागलं. मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्या वर्षी शाळेच्या नव्या भिंती उभ्या राहिल्या. गावच्या मिश्रीलाल शेठनी पितळी घंटा दिली. माझं काम संपलं. आता येताजाता पोरं मला दगड मारतात. मारोत बापडी, ती शाळेत येतात तरी!

मित्रांनो, माझं एवढं ऐका. टोल वाजतो म्हणून शाळा चालू आहे, असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका. ओढा ओलांडा आणि आत डोकावून बघा. आणि कधी हौसेनं मला वाजवलंत, तर जाण्याआधी सुटायचा टोलही द्या. गोजरबाई अजून रोज त्या वेळी रानातून येताना इथं थांबते आणि पोरं बाहेर पडलेली बघते. सगळी गेली, की मगच घरी जाते.