चिंचोक्याची खळ प्यालेली क्रोशाची चादर

मी एक जुनी मोरपंखी चादर आहे. माझा जन्म मागावर झाला नाही आणि यंत्राने तर मला कधी स्पर्शही केला नाही. टोकाला आकडा असलेली एक सुई, लोकरीचा धागा आणि दोन हात, एवढ्यावर माझा देह उभा राहिला. मित्रांनो, हे आठवले की आजही मी थक्क होते.

माझी निर्माती पूनम ही कवठे येमाईची सून. ती कारेगावजवळच्या एका कारखान्यात पॅकिंगच्या कामाला जात असे. कंपनीच्या बसमध्ये तिच्या शेजारी सीमा नावाची मैत्रीण बसे. तिनेच पूनमला ही विद्या दिली.

“लई सोपंय गं,” सीमा म्हणाली. “साखळीचं एक वळं कर. त्यात तीन खांब, म्हंजी उभे टाके, मग दोन साखळ्या, असं चारदा घाल. झाला चौकोन. पुढच्या फेरीला प्रत्येक कोपऱ्यात तीन खांब, दोन साखळ्या, परत तीन खांब. मधी घर पडंल तिथं नुसते तीन.”

“आन् त्याच्या पुढं?”

“पुढं तेच. हात दुखला की थांबायचं.”

एवढ्याशा सांगण्यात माझे संपूर्ण भविष्य सामावले होते. प्रथम मी रुपयाच्या नाण्याएवढी होते. मग तळहाताएवढी झाले, मग मांडीभर पसरले. तीच ती कृती पुनःपुन्हा करता करता काही नसलेल्या जागी एक वस्त्र उपजते, यापरता चमत्कार मी तरी पाहिलेला नाही.

पूनमची नणंद अंकिता हिचे सासर दौंडला. ती पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. तिच्या बाळाच्या अंगावर पहिले पांघरूण आपल्या हातचे पडावे, हीच पूनमची मनीषा होती. परंतु ते घर पूर्वापार मेंढपाळांचे. तेथे जन्मलेल्या प्रत्येक जिवाला पहिली ऊब घोंगडीची मिळे. पूनमची सासू बयाबाई तर मेंढरांमागे चालता चालता लोकर कातलेली बाई. तिने मला बोटांनी चाचपले.

“ह्यात नुसती भोकंच हायती, पूनम. पोराला वारं लागंल.”

“मासं धराय बरी हाय,” सासरे म्हस्कू आबा खाटेवरून म्हणाले. “घोड नदीवर घिऊन जातो.”

पूनमही हसली. मग हळूच म्हणाली, “आत्याबाई, म्हंजी बाळाला पांघरायची न्हाई का?”

“बघू,” बयाबाई म्हणाली. त्या घरात ‘बघू’ याचा अर्थ सर्वांना ठाऊक होता.

तरीही पूनमने विणणे सोडले नाही. माझी अखेरची फेरी शिल्लक होती. शेवटचा फासा सुटू नये म्हणून तिने तो पिनेत अडकवला आणि ती कामावर गेली. मागे बयाबाईने मला हाती घेतले. मित्रांनो, तिच्या मनात कपट नव्हते. घोंगडीला घट्टपणा यावा म्हणून चिंचोक्याची खळ देतात, हे तिला लहानपणापासून ठाऊक. तिने चिंचोके भाजले, कुटले, शिजवले. टोचू नये म्हणून माझी पिन काढली आणि कुंच्याने ती चिकट खळ माझ्या अंगभर चोपडली. माझे प्रत्येक छिद्र बुजले. उन्हात वाळून मी पत्र्यासारखी ताठ झाले.

“आता दाराला लाव,” म्हस्कू आबा म्हणाले. “कुत्रं आत यायचं न्हाई.”

सायंकाळी पूनम परतली. तिने मला उचलले तेव्हा माझा खडखड आवाज झाला.

“आत्याबाई, हिला काय केलंत?”

“भोकं बुजवली गं. लेकराला वारं लागाय नको.”

“आई, हिच्यात गुंडाळलं तर बाळ सोलून निघंल,” अंकिता म्हणाली.

मला कडेला ठेवून पूनम चुलीपुढे जाऊन भाकरी थापू लागली. ते बयाबाईला लागले.

दुसऱ्या दिवशी कारखान्याला सुट्टी होती. बयाबाईने मला ऊन पाण्यात भिजवले आणि घोंगडी तुडवतात तशी ती मला पायांनी तुडवू लागली. खळ निघत होती; परंतु माझा मोकळा फासा तिच्या जोडव्यात अडकला. तिने पाऊल उचलले आणि माझी एक अख्खी कड सरसर उसवली.

“पूनम, धाव गं. हिचा जीव चाललाय.”

पूनमने जोडव्यातून धागा सोडवला. मला निरखून पाहिले. खांबाखांबांत खळीचा चिखल बसला होता.

“ओढा, आत्याबाई,” ती शांतपणे म्हणाली. “सगळी उसवू. धागा धुऊन परत विणू.”

बयाबाई ओढू लागली. फेरीमागून फेरी सुटत गेली. तिचे हात मध्येच थबकले.

“हे समदं एकाच धाग्याचं हाय?”

“एकाच. गुंडा संपला तिथं गाठ, एवढंच.”

जन्मभर धागा कातलेली ती बाई त्या धाग्याकडे पाहतच राहिली. मी लहान होत होत पुन्हा नाण्याएवढी झाले आणि मग नाहीशी झाले. पण ऐका मित्रांनो, माझा एक तंतूही हरवला नव्हता. बयाबाईच्या हातातल्या गुंड्यात मी संपूर्ण होते. मरण इतके मऊ असते, हे मला तेव्हा कळले.

“आता मला बी शिकव,” बयाबाई म्हणाली.

तिचे पहिले खांब वाकडे पडले. पूनम उसवू लागली, तर तिने तिचा हात धरला. “ऱ्हाऊ दे. धागा ताणायचं मला कळतंया, सुईचा आकडा बी कळंल.” मग एक फेरी सुनेची, एक फेरी सासूची, अशी मी दुसऱ्यांदा वाढू लागले.

मी पुरी होण्याआधीच अंकिताला कळा सुरू झाल्या. शिरूरच्या दवाखान्यात मुलगी झाली. पिशवीतून मला काढले ते बयाबाईने, सुई अजून लटकत असताना. ती सोडवून तिने फासा गाठला, माझी दुहेरी घडी केली आणि नातीला माझ्यात गुंडाळले.

“दोन घड्या केल्या की वारं कुठनं येतंय?”

“मग खळ कशाला घातली हुतीस?” म्हस्कू आबांनी विचारले.

“गप बसा. पोर झोपलीया.”

पूनम भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होती.

आता मी दौंडला असते. ती मुलगी शाळेत जाते. मधली काही वर्षे मी ट्रंकेत पडून होते. एकदा तर मोटारसायकल पुसायला मला बाहेर काढले होते, अंकिताने धावत येऊन सोडवले. आता दर हिवाळ्यात मुलगी मला घेऊन आजोळी गेली की बयाबाई माझी कडेची गाठ सोडून एक फेरी वाढवते. लेकराबरोबर उंची घेणारे पांघरूण तुम्ही कधी पाहिले आहे काय?

मित्रांनो, मला धुवाल तर पिळू नका, सावलीत पसरून वाळवा. सुटलेले टोक दिसले तर कात्री लावू नका. आणि एखाद्या म्हातारीने मायेपोटी तुमची वस्तू बिघडवली, तर तिला बोल लावण्याआधी शेजारी बसवून तिच्या हाती सुई द्या.