चार किल्ल्यांची काठी

मी एक काठी बोलतेय. सध्या मिशिगनमधल्या एका पोलिस ठाण्याच्या तळघरात, तपकिरी कागदात गुंडाळलेली आहे. माझ्या गळ्यात नंबराची चिठ्ठी बांधली आहे. उजव्या बाजूला कोणाचा तरी टोस्टर आहे, डावीकडे एका लहान मुलाची सायकल. ती दोघं काही बोलत नाहीत. मी बोलते, कारण माझ्याकडे आता थोडेच दिवस उरले आहेत.

माझा जन्म आल्प्स पर्वतातला. इन नावाच्या नदीचं एक लांबलचक खोरं आहे, त्याच्या उतारावरच्या एका झुडपाची मी फांदी. एका म्हाताऱ्या सुताराने मला तोडलं, सोललं, वाफेवर मऊ करून माझी मान वाकवली आणि पायात लोखंडी टोक ठोकलं. दुखलं, पण त्याचा राग नव्हता. चढणाऱ्या माणसाला तिसरा पाय हवा असतो, तो पाय व्हायला मी निघाले होते. त्याने मला खोऱ्यातल्या एका दुकानाबाहेर टोपलीत उभं केलं.

तिथेच दिगंबर हर्डीकरने मला उचललं. पन्नाशी ओलांडलेला, उंच, हसतमुख माणूस. डेट्रॉइटजवळच्या नोव्हाय गावात गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर. बरोबर बायको, लता. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून दोघं त्या खोऱ्यातले डोंगरावरचे जुने किल्ले बघायला आले होते. मुलगी नैना घरापासून जवळच, ॲन आर्बरला शिकत होती, ती आली नव्हती.

तिकडे पद्धत अशी, की प्रत्येक किल्ल्याच्या दारात त्या किल्ल्याचं चित्र असलेला छोटा पितळी बिल्ला मिळतो. तो काठीवर खिळ्याने ठोकायचा. दिगंबरला हे फार आवडलं. पहिल्या किल्ल्यावर त्याने एका दगडाने माझ्या अंगावर बिल्ला ठोकला आणि म्हणाला, "लता, फोटो काढ. नाही, आडवा धर. आडवा म्हणजे कळतं ना?"

लताने फोटो आडवा काढला. तो मान हलवेपर्यंत तिने फोन खाली घेतला नाही.

किल्ले सुंदर होते. खाली नदी, वर बुरूज, तटाला जंग्या, म्हणजे शत्रूवर मारा करायची भोकं. पण आत गेलं की प्रत्येक खोलीत कोणी तरी कोणाला तरी मारलेलं असायचं. हातात दिवा घेतलेली गाइडबाई सगळं शांतपणे सांगायची. या जंग्यांतून उकळतं पाणी ओतायचे. या भिंतीला बंडखोर शेतकऱ्यांना बांधून चाबकाने फोडलं. दुसऱ्या किल्ल्यात जमिनीत एक गोल भोक होतं, माणूस जेमतेम जाईल एवढं. त्यातून कैद्याला दोरीने खाली अंधारात सोडायचे. तिकडच्या भाषेत त्याला भीतीचं भोकच म्हणतात.

दिगंबर त्या भोकावर वाकला आणि इंग्रजीत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माझ्या बायकोसाठी एक बुक करा."

लोक हसले. लताही हसली. तिने माझ्यावर हात टेकला होता. तो हात ओला झाला होता.

तिसऱ्या किल्ल्यावर जे झालं ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कशी.

बुरुजाच्या माथ्यावर दिगंबर दोन जर्मन पाहुण्यांना सांगत होता, की कॉलेजात असताना आपण सह्याद्रीतला एकेक गड पळत चढायचो. लता बोलून गेली, "राजगडावरून तर तुम्हाला मित्रांनी पाठुंगळी उतरवलं होतं ना?" अगदी सहज, कौतुकाने. पाहुणे हसले. दिगंबर सगळ्यांत मोठ्याने हसला.

मग सगळे गोल जिन्याने उतरू लागले. चढताना गाइडबाईने सांगितलं होतं, की जिना असा वळवलाय की वर उभ्या असलेल्याचा उजवा हात मोकळा राहतो आणि खालच्याला तलवार फिरवायला जागाच मिळत नाही. पाहुणे पुढे गेले. वळणामागे लता, तिच्या वर दिगंबर. त्याने मला टोकाकडून धरलं, उलटं. माझी वाकवलेली मूठ हवेत फिरली आणि लताच्या गुडघ्यामागे बसली. पहिल्यांदाच माझ्या लाकडाला हाडाचा आवाज कळला.

ती सात पायऱ्या खाली गेली. ओरडली नाही. दिगंबर भराभर उतरला, तिच्याजवळ बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "माझी लाज काढतेस चार लोकांत?" मग मान वर करून मोठ्याने म्हणाला, "हेल्प, प्लीज. शी स्लिप्ड."

गाइडबाई धावत आली. तिने लताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, दिगंबरच्या हाताकडे बघितलं. "पडलात का?" तिने विचारलं.

"हो," लता म्हणाली. "पाय घसरला."

चौथ्या किल्ल्यावर लता खाली गाडीतच बसली. माझ्यावरचा चौथा बिल्ला तिने पाहिलेल्या किल्ल्याचा नाही.

परतीच्या विमानात काठी आत नेऊ देतील का, अशी दिगंबरला शंका होती. पण लता लंगडत होती. विमानतळावर कोणी काही विचारलं नाही. जिच्यावर मला उगारलं, तीच माझ्यावर भार टाकून अमेरिकेत आली. डेट्रॉइटला उतरेपर्यंत तिने मला सोडलं नाही. मला तेव्हा वाटलं, आता मी हिचीच.

नोव्हायच्या घरात त्याने मला फायरप्लेसच्या वर, दोन हुकांवर आडवं टांगलं. शनिवारी पॉटलक असायचं, मंडळी घरून एकेक पदार्थ घेऊन जेवायला यायची. दिगंबर मला खाली काढून बिल्ले दाखवायचा, भीतीच्या भोकाची गोष्ट सांगायचा. पाहुणे गेले की दार लागायचं. मग कधी कधी तो मला पुन्हा खाली काढायचा.

भाजीत मीठ जास्त झालं म्हणून. फोन दोनदा वाजूनही उचलला नाही म्हणून. एकदा तर काहीच कारण नव्हतं, फक्त ऑफिसात त्याचं प्रेझेंटेशन कॅन्सल झालं होतं. तो मारताना ओरडत नसे. मोजून मारायचा, पाठीवर, मांडीवर, कपड्यांनी झाकलं जाईल तिथे. नंतर मला ओल्या कापडाने पुसून हुकांवर नीट सरळ ठेवायचा. लता जमिनीवरून उठत असायची आणि तो मी सरळ आहे ना ते बघत असायचा.

माझ्याआधीही तो मारत होता, हे मला तिच्या सवयींवरून कळलं. दार उघडायच्या आधी ती श्वास धरायची. आधी पट्टा होता, मोबाइलचा चार्जर होता. माझ्यामुळे त्याला फक्त लांबी मिळाली.

शेजारच्या सुलभाकाकू एकदा पुरणपोळ्या घेऊन आल्या. लता सोफ्यावर एका कुशीवर बसली होती. "काय गं, पाठीला काय झालं?" त्यांनी विचारलं. "स्नो काढताना लचकली," लता म्हणाली. काकूंनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं, मग म्हणाल्या, "शेकत जा गं." आणि पोळ्यांचा डबा ठेवून गेल्या.

मार्च महिना. शनिवार, सकाळचे अकरा. लताने नैनाला मेसेज केला होता, 'मी तुझ्याकडे थोडे दिवस राहायला येऊ का?' दिगंबरने तो वाचला. नैनाने मेसेज वाचल्या वाचल्या गाडी काढली होती, हे मात्र त्याला माहीत नव्हतं.

त्या दिवशी त्याने मोजलं नाही. पहिला वार खांद्यावर, दुसरा बरगड्यांवर. लता ओट्याच्या कोपऱ्यात बसून राहिली, डोक्यावर दोन्ही हात. तिसरा त्या हातांवर. करंगळी मोडली. माझ्या पितळी बिल्ल्यांनी तिच्या मनगटाची कातडी सोलली. तिसऱ्या किल्ल्याच्या बिल्ल्यात तिचं रक्त गेलं ते अजून आहे. "जाणार? मला सोडून जाणार?" एवढंच तो म्हणत होता.

गॅरेजचं दार उघडलं. नैना आत आली. एकवीस वर्षांची, खांद्यावर बॅग तशीच.

"बाबा. ड्रॉप इट."

"तू मध्ये पडू नकोस. गो टू युवर रूम."

तिने मला मधोमध धरलं आणि पिरगळून काढून घेतलं. त्याने तिच्या केसांना हात घातला. मग मी फिरले. त्याच्या हाताचं हाड मोडलं, ते मला जाणवलं. तो मागे सरकला, फ्रिजला धडकला. दुसरा वार त्याच्या गळपट्टीच्या हाडावर. तो खाली बसला आणि एक हात वर करून म्हणाला, "बास."

नैनाने मला पुन्हा उचललं. या वेळी दोन्ही हातांनी, डोक्याच्या वर. तिचे हात तिच्या वडिलांसारखेच होते, लांब बोटांचे. ती थांबणार नव्हती. मला माहीत आहे, मी त्या हातांत होते.

लताने मोडलेल्या बोटाच्या हाताने मला पकडलं. "नैना, सोड. सोड, बाळा. पुरे."

मग नैनाची पकड सुटली.

तेवढ्यात दिगंबरने एका हाताने नाइन-वन-वन लावला होता. माझ्या मुलीने माझ्यावर हल्ला केला, असं त्याने सांगितलं. फोन ठेवल्यावर मात्र तो मराठीत, अगदी मऊ आवाजात बोलला. "लता, ऐक. ते येतील आता. तू म्हण, मी तुला हात लावला नाही. मी म्हणेन, मी जिन्यावरून पडलो, गोंधळात काहीतरी बोललो. नाहीतर नैना जेलमध्ये जाईल. तिचं करिअर संपेल. विचार कर."

लताने विचार केला. मी तिच्या मांडीवर होते, तिचा श्वास मला कळत होता. खोटं बोलायची तिला सवय होती. या वेळी तर ते मुलीसाठी होतं.

पोलिस आले. ऑफिसर मॅकेना नावाच्या बाईने लताला वेगळ्या खोलीत नेलं. मला तोवर टेबलावर ठेवलं होतं, पण दार अर्धवट उघडं होतं.

"तुम्हाला कोणी मारलं का?"

"नाही. मी पडले."

ऑफिसर उठली नाही, वहीत काही लिहिलं नाही. तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला, त्याच आवाजात.

लता रडली नाही. ती उभी राहिली, पाठ फिरवली आणि कुर्ता वर केला.

मग तिने सगळं सांगितलं. पंचवीस वर्षांचं नाही, तेवढा वेळ नव्हता. जिना सांगितला, सात पायऱ्या सांगितल्या, आजची सकाळ सांगितली. आणि नैनाने दोनदा मारलं, तिसऱ्यांदा उगारलं, हेही सांगितलं. "मी काही लपवणार नाही," ती म्हणाली. "लपवलं की ते वाढतं."

त्या तिसऱ्या वेळेमुळे नैनाची चौकशी चार महिने चालली. दिगंबरच्या सुनावणीच्या दिवशी मला कोर्टात टेबलावर ठेवलं होतं. वकील यायच्या आधी आई-मुलगी मागच्या बाकावर बसल्या होत्या. नैना म्हणाली, "आई, तू धरलं नसतं तर आय वुड हॅव किल्ड हिम."

"माहीत आहे."

"मग मी त्याच्यासारखीच ना?"

"तू आज हे बोललीस," लता म्हणाली. "तो कधीच बोलला नाही."

नैनावर खटला झाला नाही. आईला वाचवत होती, असं सरकारी वकिलांनी मानलं. दिगंबरने गुन्हा कबूल केला. तुरुंग झाला, आता तो सुटून दुसऱ्या राज्यात राहतो. लता एका छोट्या अपार्टमेंटमध्ये राहते आणि लायब्ररीत काम करते. नैना आठवड्यातून एकदा एका समुपदेशक बाईंकडे बोलायला जाते, रागाबद्दल. हे सगळं मी इथल्या कारकुनाच्या फाइलींतून आणि त्याच्या फोनवरून कळलं.

मागच्या आठवड्यात त्या कारकुनाने लताला फोन केला. केस संपली, वस्तू परत हवी का, असं विचारलं. नको असेल तर नष्ट करावी लागेल. बिल्ले हवे तर काढून देतो, आठवण म्हणून.

"नको," ती म्हणाली. "काहीच नको." मग तिने त्याचे आभार मानले.

इथे लोक म्हणतात, काठीचा काय दोष. मीही पुष्कळ दिवस स्वतःला तेच सांगितलं. मी नसते तर त्याने दुसरं काही उचललं असतं, हे खरंच आहे. पण दुसरं काही नव्हतं. मी होते. माझ्या लाकडाला तिची हाडं माहीत आहेत, आणि तो जन्माचा हिशेब कोणत्याही सुताराला पुसता येणार नाही.

म्हणून निरोप घेताना माझी एकच विनंती. माझं लाकूड कोणी वाचवू नका, माझ्या टोकाचं लोखंड कशाला वापरू नका. गुरुवारी मला तुकडे करायच्या मशिनमध्ये घालतील. मला काही वाटणार नाही. फक्त त्या दिवशी कोणी लताला फोन करून कळवा, की ते झालं.