व्याह्यांसाठी नान

"बाबा, बोटं हलताहेत ना?" नर्सनं विचारलं.

"हलताहेत की," नोरमुरोद धडधडीत खोटं बोलला.

अंगठा केव्हाच दगड झाला होता. सकाळी डॉक्टरांनी उजव्या मनगटातून तार घालून हृदयाच्या नळीत जाळी बसवली होती. आता त्या भोकावर हवा भरलेला प्लास्टिकचा पट्टा करकचून आवळला होता. "बोटं बधिर झाली तर सांगा, थोडी हवा सोडीन," असं सय्योरा नर्स दोनदा सांगून गेली. सांगतो कशाला! हवा सोडली आणि रक्ताची चिळकांडी उडाली तर? चाळीस वर्षं याच हातानं त्यानं समरकंदकरांचे नान तंदुरात थापले होते. निळी पडलेली बोटं त्यानं दुलईखाली लपवली.

तेवढ्यात व्याही आले. अब्दुरसूल, थोरल्या लेकीचे सासरे. त्यांनी रुमाल सोडून नान पुढे केला.

"तुमच्याच तंदुरातला. तुमच्या पोरानं भाजलाय. कडेला करपवलाय जरा, पण बाबांना सांगू नका म्हणाला!"

व्याही समोर आणि नान अख्खाच, हे कसं चालायचं? पाहुण्याला नान यजमानानंच मोडून द्यायचा, आणि रिवाजानं तो एका हातानं मोडत नाहीत. नोरमुरोदनं मागचापुढचा विचार न करता तो दोन्ही हातांत धरला आणि मनगट वळवलं. पट्टा सरकला. चादर लाल झाली.

"या अल्ला! पोरी, धाव गं!" व्याही ओरडले.

सय्योरानं हातमोजा चढवून मनगट दाबून धरलं. "हलू नका. आणि व्याहीबुवा, तुम्ही खाली बसा, नाहीतर मला दोन पेशंट होतील."

"हात गेला का गं माझा?" नोरमुरोदनं विचारलं.

"कुठं जातोय! पण ही बोटं कधीपासून निळी आहेत?"

"दुपारपासून."

"मग मी विचारलं तेव्हा?"

"भ्यालो गं पोरी." हे तो जन्मात पहिल्यांदा कुणाला म्हणत होता.

ती रागावली नाही. "रक्त थांबेल एवढंच दाबायचं असतं, बाबा. बोटांना उपाशी नाही ठेवायचं."

वीस मिनिटं ती तशीच बसून राहिली. हळूहळू अंगठ्याला मुंग्या आल्या, मग ऊब आली. नवा पट्टा बांधून तिनं नान त्याच्या बोटांखाली सरकवला. भाजण्याआधी नानाच्या मधोमध उठवलेल्या ठशाचे टोचे एकेक करून बोटांना लागायला लागले.

"लागतात गं," तो म्हणाला आणि त्याला रडूच फुटलं.

व्याही अजून नानासाठी ताटकळत होते. नोरमुरोद कधी नानाकडे बघायचा, कधी पट्ट्याकडे. सय्योराही समरकंदचीच पोर, तिला रिवाज ठाऊक होता. तिनं हातमोजे काढले, हात धुतले.

"डावा हात तुमचा, उजवा माझा. चला."

नान मोडला. पहिला तुकडा व्याह्यांना गेला. तो नेमका करपलेला निघाला. ते तो चवीनं चावत राहिले.